रन-फ्लॅट टायर पंक्चर झाल्यावर दुरुस्त करायचे की बदलायचेच?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मागच्या दोन्ही रन-फ्लॅट टायरमध्ये, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या टायरमध्ये, खिळे घुसलेत. डाव्याच्या वेळी डॅशबोर्डवर दिवा लागला, दाब २६ पीएसआय दिसला (दारावरच्या स्टिकरवर ३५ लिहिलाय) आणि तुम्ही दोन-तीन किलोमीटरमध्ये गाडी थांबवून हवा भरलीत. उजव्याच्या वेळी दिवा लागला तरी रात्रीची वेळ होती म्हणून तसेच ३५ किलोमीटर घरी आलात, दाब पाहिलाच नाही आणि सकाळी टायरमध्ये हवा शून्य. आता वर्कशॉपवाले म्हणतात चारही बदला, पंक्चरवाला म्हणतो दहा मिनिटांत दोन्ही करून देतो.

माझं मत विचाराल तर डावा बहुधा दुरुस्त होईल, उजव्याची आशा सोडा. चारही बदलायचं तर मला एकच कारण दिसतं, ते पुढे सांगतो.

रन-फ्लॅटच्या पंक्चरमध्ये सगळे आधी खिळा कुठे आहे ते बघतात. ते बघायला हवंच, पण त्याहून मोठा प्रश्न असतो तो हवा गेल्यावर टायर किती चालला याचा. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते, रबर म्हणजे नुसती पिशवी. हवा गेली की तो बसतो, गाडी एका बाजूला ओढते आणि तुम्हाला थांबावंच लागतं. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंती, म्हणजे साइडवॉल, मुद्दाम जाड आणि कडक केलेल्या असतात. हवा गेली तरी त्या वजन पेलतात, म्हणून तर ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येतं असं बहुतेक कंपन्या सांगतात. पण हे पेलणं फुकट नसतं. टायरचा घेर दोन मीटर धरला तर एका किलोमीटरला चाकाच्या ५०० फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला भिंतीचा प्रत्येक भाग एकदा खाली येऊन दबतो. ३५ किलोमीटर म्हणजे साडेसतरा हजार वेळा. त्यातून उष्णता तयार होते, आतलं रबर भाजतं, रबर आणि दोऱ्यांच्या थरांमधली पकड सुटायला लागते. आणि एवढं होऊनही बाहेरून टायर नव्यासारखा दिसतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या गाडीचा पुढचा टायर असाच हायवेवर गेला होता. वेग ७० च्या आत ठेवून मी चाळीसेक किलोमीटर आलो आणि 'ज्यासाठी एवढे जास्तीचे पैसे मोजले ते वसूल झालं' म्हणून खूशही होतो. दुसऱ्या दिवशी एका दुकानात टायर रिमवर असतानाच बाहेरून चिकट रबराची वात खुपसून घेतली. हवा थांबली, मी विसरून गेलो. पंधरा दिवसांनी गाडी धुताना साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा हाताला लागला. टायर उतरवून उलटा केला तर आतून मूठभर काळा रबराचा भुगा पडला आणि भिंतीच्या आतल्या बाजूला गोलाकार सुरकुती उठलेली. पंक्चर उत्तम बंद होतं. मरत होता तो टायर.

म्हणून पहिली गोष्ट, टायर रिमवरून उतरवल्याशिवाय 'दुरुस्त होईल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 'होणार नाही' असं न उतरवता म्हणाले तर मात्र त्यांच्यावर लगेच चिडू नका. काही कंपन्या रन-फ्लॅट दुरुस्त करायला मनाईच करतात, काही अटी घालून एकदा परवानगी देतात. तुमच्या टायरचं मॉडेल काय आहे ते बघून त्या कंपनीचं म्हणणं आधी वाचा. साइडवॉलवर आरएफटी, आरएससी, आरओएफ, एसएसआर, झेडपी अशी अक्षरं असतात. प्रत्येकाची पाटी वेगळी, अर्थ एकच.

कंपनीची हरकत नसेल तर टायर उतरवताना तिथे उभे राहा आणि आत टॉर्च मारून बघा. भुगा आहे का, भिंतीच्या आतल्या बाजूला सुरकुत्या किंवा निळसर-काळपट पट्टा आहे का, हात फिरवला तर कुठे मऊ, भुसभुशीत लागतं का, रिमला घट्ट बसणारी कड फाटलीय का. यातलं एकही दिसलं तर विषय संपला. अडचण अशी की काहीच दिसलं नाही तरी टायर धडधाकट असल्याची खात्री मिळत नाही, कारण कडक भिंत आतली जखम झाकून ठेवते. म्हणूनच किती दाबावर किती अंतर गेलो या तुमच्या आठवणीला इतकं वजन आहे. डाव्याबद्दल तुमच्याकडे आकडा आहे. २६ म्हणजे सुमारे पाव हवा कमी. हा रन-फ्लॅट चालवणं नव्हेच, कमी हवेवर थोडं चालवणं झालं. उजव्याबद्दल आकडा नाही. शंकेचा फायदा आरोपीला देतात, टायरला नाही.

डाव्याचा खिळा कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो नक्षीच्या मधल्या भागात हवा. जिथे नक्षी संपून भिंत वळायला लागते तो खांदा आणि भिंत स्वतः, इथे दुरुस्ती नाही, कारण तो भाग सतत वाकतो आणि पॅच तिथे टिकत नाही. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेची मर्यादाही तेवढीच, पाव इंच, आणि त्यांचं म्हणणं असं की नुसती वात चालत नाही आणि नुसता पॅचही चालत नाही. भोकातून आरपार रबराचा खुंट आणि आतून पॅच, दोन्ही हवं. दोन्ही एकत्र असलेला तुकडा छत्रीसारखा दिसतो, त्याला दुकानांत मशरूम म्हणतात. खुंट पाणी आत शिरून स्टीलच्या तारा गंजू देत नाही, पॅच हवा धरतो. पंक्चरवाल्याची दहा मिनिटांची वात म्हणजे दुकानापर्यंत पोहोचायची सोय, दुरुस्ती नव्हे.

आणखी दोन गोष्टी त्याच वेळी बघून घ्या. नक्षी किती उरलीय? नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर असते आणि बऱ्याच देशांत १.६ च्या खाली टायर बेकायदा ठरतो. तीनच्या आसपास आली असेल तर मी दुरुस्तीत जीव अडकवणार नाही. आणि टायरचं वय. साइडवॉलवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा.

आता चार टायरचं. उजवा बदलायचाच आहे, आणि एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीत, एक नवाकोरा आणि एक निम्मा झिजलेला असं नको. डावा अजून नव्यासारखा असेल तर एकच घ्या, तोच मेक, तोच पॅटर्न. निम्मा झिजला असेल तर दुरुस्तीचे पैसे वाचवून मागचे दोन्ही घ्या. चारही चाकांना ओढ देणारी, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी असेल तर मात्र वर्कशॉपवाल्यांचं म्हणणं खरं असू शकतं. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की गाडीला वाटतं चाकं घसरतायत आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत इंजिनची ताकद वाटून देणाऱ्या भागावर, ताण येतो. किती फरक चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. तुमच्या गाडीत इंजिनची ओढ दोनच चाकांना असेल आणि पुढचे टायर ठीक असतील, तर 'चारही' हा सल्ला गाडीपेक्षा दुकानाच्या फायद्याचा वाटतो.

याच निमित्ताने साधे टायर टाकावेत का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. टाकता येतात, गाडी खड्ड्यांत मऊही चालेल. पण चारही एकदम टाका, एका अ‍ॅक्सलवर मिसळ करू नका. आणि डिकी उघडून बघा, स्टेपनीची जागाच नसेल. मग छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट कायम गाडीत ठेवायला लागेल. किटमधलं पातळ औषध टायरमध्ये सोडलं तर नंतर प्रेशर सेन्सर साफ करून घ्यावा लागतो, ते त्या चिकट्यात बुजतात. मी स्वतः अजून रन-फ्लॅटच वापरतो, कारण रात्री एकट्याने हायवेच्या कडेला जॅक लावायचं धाडस आता उरलं नाही.

दुकान निवडताना फक्त एवढं विचारा की रन-फ्लॅट उतरवायला जादा हात असलेलं मशीन आहे का. भिंत कडक असते, साध्या मशीनवर पहारीने ओढाताण केली की कड फाटते नाहीतर व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर तुटतो, आणि मग चांगला डावा टायरही गेला. उतरवायच्या आधी त्यांना साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला मारायला सांगा. कधी कधी खिळा नक्षीच्या ठोकळ्यातच अडकलेला असतो, आरपार गेलेलाच नसतो, आणि हवा जात असते ती व्हॉल्व्हमधून. डाव्याच्या बाबतीत तसं निघालं तर दुरुस्तीचा प्रश्नच मिटला.