लोहासाठी तांबडी भाजी (लाल माठ) सोडून काजू खाल्ले तर चालतील का?

तुमचं म्हणणं असं, की शंभर ग्रॅम काजूत लोह ६.७ मिलिग्रॅम, तांबड्या भाजीत जेमतेम २.३, मग मुलीचं हिमोग्लोबिन कमी असताना भाजीसाठी रोज तिच्या मागे लागायचं कशाला, काजूच दिले तर?

आकडे बरोबर आहेत. पण शंभर ग्रॅम काजू एका बसणीला खातं कोण? मूठभर काजू म्हणजे अठ्ठावीस-तीस ग्रॅम, सोळा-सतरा गर. त्यातून लोह मिळतं २ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि उष्मांक येतात १६०. उलट सव्वाशे ग्रॅम भाजी शिजून जेमतेम वाटीभर होते. त्यात लोह पावणेतीन-तीन मिलिग्रॅम आणि उष्मांक तिसाच्या आत. भाजीत शंभरातले ९२ ग्रॅम पाणीच असतं, म्हणून वजनाला वजन लावलं की ती बिचारी हरते.

काजू कुठे सरस? प्रथिनं शंभर ग्रॅमला १८ ग्रॅम, भाजीत अडीच. जस्त, तांबं, मॅग्नेशियम यांतही काजू खूप पुढे. मुलगी बारीक असेल, जेवण कमी असेल, तर मधल्या वेळेला मूठभर जरूर द्या. फक्त पणजीच्या दुकानांत पर्यटकांसाठी मांडलेले खारे, मसालेदार नकोत. चुलीवर भाजलेले साधे घ्या.

पण क जीवनसत्त्व काजूगरात जवळपास नाहीच, भाजीत शंभर ग्रॅमला ४० मिलिग्रॅमच्या वर. गंमत म्हणजे ज्या बोंडाला हा गर लटकतो त्यात ते संत्र्याहून कितीतरी जास्त, आणि आपण गोंयकार त्या बोंडांची हुर्राक नि फेणी ही दारू करून मोकळे होतो! असो. कॅल्शियम भाजीत २१५ मिलिग्रॅम, काजूत ३७. मात्र भाजीतल्या ऑक्झलेट या नैसर्गिक घटकामुळे त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही.

लोहाचीही तीच अडचण. दोन्हींतलं लोह वनस्पतीचं, शरीर ते थोडंच शोषतं. काजूत फायटेट हा घटक आडवा येतो. क जीवनसत्त्व सोबत असलं की हे लोह जास्त शोषलं जातं, म्हणून इथे लिंबू कामाला येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली पेंडी मुळांची माती जाईपर्यंत धुवायची, मग चिरायची. आधी चिरून धुतली तर तांबडं पाणी मोरीत जातं आणि त्याबरोबर क जीवनसत्त्वही. कांदा, हिरवी मिरची, थोडं तेल, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं. शिजवताना क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातंच, म्हणून लिंबू वरून, ताटात पिळायचं. ओलं खोबरं कंजूषपणा न करता घाला. पानांतलं बीटा कॅरोटीन (त्याचंच शरीरात अ जीवनसत्त्व होतं) स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. आणि जेवल्याबरोबर चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं; तासभर तरी थांबा. मासे चालत असतील तर अधूनमधून तिसऱ्या (शिंपल्या) करा, त्यांतलं लोह जास्त सहज लागू पडतं.

थोडक्यात, भाजीऐवजी काजू नकोत, भाजीबरोबर चालतील. हिमोग्लोबिन बरंच खाली असेल तर मात्र नुसत्या आहारावर अवलंबून राहू नका, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण करा.

घरात कुणी रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असेल तर ही भाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिच्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी भाजी आणि काजू दोन्हींबद्दल विचारावं.