प्रायमाव्हेरा शिकली, आता ॲडव्हान्स कोर्सचे ३५ हजार भरू का?

नमस्कार दादा,

बार्शीहून आलेलं तुमचं पत्र नीट वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, यांची मुलगी २०२४ ला सिव्हिलची बीई झाली, सोलापूरला एका बिल्डिंगच्या साईटवर वर्षभर काम केलं, मग पुण्यात क्लास लावून प्रायमाव्हेरा, म्हणजे कामाचं वेळापत्रक (शेड्यूल) बनवायचं सॉफ्टवेअर, शिकली, सर्टिफिकेट पण मिळालं. एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत इंटरव्ह्यूला गेली तर तिथं एका पुलाबद्दल विचारलं की हाच पूल आयटम रेटऐवजी (मोजलेल्या कामाला आयटमप्रमाणे पैसे) ईपीसीवर (डिझाईन, खरेदी, बांधकाम सगळं कॉन्ट्रॅक्टरकडे) असता तर तुझं शेड्यूल कुठं कुठं बदललं असतं, आणि तिला काही सांगता आलं नाही. आता क्लासवाले म्हणतायत ॲडव्हान्स मॉड्यूल करा, अजून ३५ हजार. दादांचे प्रश्न दोन, पैसे भरू का, आणि प्लॅनिंग इंजिनिअर म्हणजे ऑफिसात बसून करायचं काम ना, पोरीची उन्हातली दगदग संपली ना.

पैसे आत्ता भरू नका. क्लासने तिला सॉफ्टवेअर चालवायला शिकवलं, चांगलंच शिकवलं असेल, पण इंटरव्ह्यूवाल्याने सॉफ्टवेअर विचारलंच नव्हतं हो, त्याने कॉन्ट्रॅक्ट विचारलं होतं. डिझाईन कोण करणार, उशीर झाला तर तो कुणाच्या अंगावर, पैसे कशाच्या हिशोबाने मिळणार, हे ज्या पद्धतीने ठरतं तिला या लाईनीत डिलिव्हरी मेथड म्हणतात, आणि शेड्यूलची फाईल कशी बांधायची ते सगळं तिथून ठरतं. ॲडव्हान्स मॉड्यूलमध्ये बहुतेक ठिकाणी अजून रिपोर्ट, अजून लेआऊट शिकवतात, हे शिकवत नाहीत.

आता पुढचं जरा तिच्यासाठी लिहितोय, तिला वाचायला द्या.

ताई, इंटरव्ह्यूतलाच पूल घे, छोटा, ओढ्यावरचा, वर्क ऑर्डर मे महिन्यात मिळाली असं धर. आपल्या पीडब्ल्यूडीचं बी-१ किंवा बी-२ टेंडर असेल, बी-१ म्हणजे डिपार्टमेंटच्या अंदाजपत्रकाच्या इतके टक्के वर किंवा खाली, बी-२ म्हणजे प्रत्येक आयटमचा रेट आपण भरायचा, दोन्हीत ड्रॉइंग डिपार्टमेंटकडून येतं. तुझ्या शेड्यूलमध्ये डिझाईन नावाची ॲक्टिव्हिटीच नसते. तिथं असतो एक माईलस्टोन, म्हणजे नुसती टप्प्याची तारीख, 'फाउंडेशनचं ड्रॉइंग मिळालं', आणि त्याला ॲक्टिव्हिटी कोड लावायचा, म्हणजे जबाबदारी कुणाची ते सांगणारं लेबल, इथं 'डिपार्टमेंट'. हे विसरू नकोस, कारण ड्रॉइंग दोन महिने उशिरा आलं तर मुदतवाढ मागताना हा एकच माईलस्टोन तुझ्या कंपनीला वाचवतो. तो फाईलमध्ये नसेल तर उशीर नुसता कॉन्ट्रॅक्टरचा दिसतो, पत्रं कितीही लिहा.

तोच पूल ईपीसीवर आला की सर्व्हे, बोअरहोल, डिझाईन, ते डिझाईन अथॉरिटीज इंजिनिअरकडे (सरकारने नेमलेला तपासणारा) तपासायला देणं, त्याचे शेरे दुरुस्त करणं, मग जीएफसी म्हणजे बांधकामाला पास झालेलं ड्रॉइंग, हे सगळं आपल्या पोटात येतं आणि त्यातला बहुतेक उशीर पण आपलाच. आता इथं बहुतेक नवीन मुलं एक चूक करतात, 'डिझाईन, १२० दिवस' असा एक लांब बार टाकतात आणि फिनिश टू स्टार्ट लावून, म्हणजे ते पूर्ण संपल्यावरच, त्याच्यापुढं खोदाई. मग ईपीसी घेऊन फायदा काय झाला? ईपीसीचा सगळा जीव त्यात आहे की फाउंडेशनचं ड्रॉइंग पास झालं की पायाचं काम सुरू, तोवर वर पिअरचं (पुलाच्या खांबांचं) डिझाईन चालू, पिअर चढतायत तोवर स्लॅब-गर्डरचं. म्हणून डिझाईनचे तुकडे पाडायचे, पाया, पिअर आणि कॅप, वरचा भाग, आणि प्रत्येक तुकडा ज्याच्या त्याच्या बांधकामाला जोडायचा. डब्ल्यूबीएसमध्ये, म्हणजे कामाचे भाग पाडलेल्या यादीत, डिझाईनची वेगळी फांदी येते जी आयटम रेटमध्ये नव्हती. हे एवढं जरी त्या दिवशी सांगितलं असतंस तरी समोरच्याने मान हलवली असती.

आणि पाऊस. मे मध्ये वर्क ऑर्डर म्हणजे जून ते सप्टेंबर ओढ्यात उतरता येत नाही, मातीकामाच्या कॅलेंडरला ते महिने बंदच ठेवायचे. आयटम रेटमध्ये ते चार महिने जवळजवळ हातचे जातात. ईपीसीत मात्र डिझाईनच्या ॲक्टिव्हिटीला वेगळं कॅलेंडर लावायचं, आठवड्याला सहा दिवसांचं, बाराही महिने चालू, म्हणजे बोअरहोल पाऊस लागायच्या आत उरकून घ्यायचे आणि पावसाळ्यात डिझाईन आणि मंजुरी काढून ऑक्टोबरात मशिन उतरवायचं. सगळ्या फाईलला एकच कॅलेंडर लावलेलं दिसलं की अनुभवी माणूस लगेच ओळखतो की पोरगं क्लासमधून आलंय.

मग पैसे. आयटम रेटमध्ये जेवढं मोजलं तेवढं मिळतं, एमबीत (मोजमाप वहीत) नोंद, मग आरए बिल (चालू कामाचं बिल), त्यामुळे फाईलमध्ये बीओक्यूच्या (टेंडरमधल्या आयटमच्या यादीच्या) क्वांटिटी लोड केल्या की काम झालं. ईपीसीत रक्कम एकत्र ठरलेली असते आणि टप्प्याटप्प्याने टक्क्यांवर मिळते. रस्ते मंत्रालयाचा ईपीसीचा मॉडेल करार आहे, नेटवर फुकट मिळतो, त्यातलं शेड्यूल एच काढ, तिथं कुठल्या टप्प्याला किती वजन ते असतं, आणि शेड्यूल जे मध्ये काम कुठल्या माईलस्टोनला कुठवर यायला हवं ते. स्टील अंदाजापेक्षा जास्त लागलं तर आयटम रेटमध्ये ते मोजून बिल होतं, ईपीसीत आपल्या खिशातून. म्हणजे एकाच फाईलमध्ये दोन हिशोब ठेवावे लागतात, येणारा पैसा टप्प्यांच्या वजनावर आणि जाणारा पैसा खऱ्या क्वांटिटीवर, आणि दोघांतली दरी दर महिन्याला साहेबांना दाखवायची. माझ्या मते प्लॅनिंग इंजिनिअरची खरी किंमत इथं आहे, रंगीत बारचार्टमध्ये नाही.

हे पुस्तकी नाहीये, आपल्या आजूबाजूला बघ. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, एमएसआरडीसीने १६ पॅकेजमध्ये ईपीसीवर दिला. अटल सेतू, २१.८ किलोमीटर, एमएमआरडीएचा, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, तोही पॅकेज पाडून दिलेला आणि डिझाईन कॉन्ट्रॅक्टरकडेच, त्यात पोलादी डेकचे भाग परदेशात बनवून समुद्रातून आणले, मग विचार कर तिथल्या शेड्यूलमध्ये कारखाना, जहाज, जोडणीचं यार्ड, भरती-ओहोटी असं सगळं कुठं कुठं बसवावं लागलं असेल. मुंबई मेट्रोची पहिली लाईन, वर्सोवा-घाटकोपर, ती पीपीपी, खाजगी भागीदाराने पैसे घालून बांधायची आणि चालवायची. आणि २०१६ पासून हायवेला हॅम (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल) आलंय, सरकार ४० टक्के बांधकाम चालू असताना देतं, बाकी ६० रस्ता झाल्यावर सहामाही हप्त्यांनी साधारण १५ वर्षांत. तिथं तुझ्या शेड्यूलवर बँकेचा पण डोळा असतो, कारण रस्ता पुरा झाल्याशिवाय ते हप्तेच सुरू होत नाहीत.

पुण्यातल्या बिल्डरकडे गेलीस तर चित्र अजून वेगळं. बरेच बिल्डर आरसीसी एकाला, प्लंबिंग दुसऱ्याला, इलेक्ट्रिक तिसऱ्याला, लिफ्ट कंपनीला वेगळी ऑर्डर, असं तोडून देतात. एकावर जबाबदारी नाही, त्यामुळे फाईलमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय तर हँडओव्हर, लिफ्टचा शाफ्ट आरसीसीवाल्याने कधी मोकळा करून दिला, ती तारीख. महारेराला दिलेली पझेशनची तारीख वर टांगलेली असतेच. आणि पुढंमागं गल्फमध्ये जायचं मनात असेल तर फिडिकचे फॉर्म, म्हणजे परदेशात चालणारे तयार कॉन्ट्रॅक्टचे नमुने, बघून ठेव, रेड बुक म्हणजे डिझाईन मालकाचं, यलो म्हणजे डिझाईन कॉन्ट्रॅक्टरचं, सिल्व्हर म्हणजे टर्नकी, जवळजवळ सगळीच जोखीम कॉन्ट्रॅक्टरवर. तिकडे प्रायमाव्हेरासोबत ड्रॉइंग-पत्रांच्या कारभाराला अकोनेक्स दिसेल, अमेरिकन कंपन्यांत प्रोकोर. नावं बदलतील, प्रश्न तेच तीन राहतील, डिझाईन कुणाचं, उशीर कुणाचा, पैसे कशावर.

आता दादा, तुमचा दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर साईट सुटत नाही, आणि सुटू पण नये. प्लॅनिंगवाला आठवड्यातून दोन-तीनदा साईटवर गेला नाही की तो सुपरवायझरने फोनवर सांगितलेलं प्रोग्रेस भरत बसतो, आणि मग फाईल एक सांगते, पूल दुसरंच. तिने सोलापूरला जे वर्ष काढलं ना, शटरिंगला खरंच किती दिवस लागतात, काँक्रीटची गाडी अडली की काय होतं हे बघितलं, तीच तिची सगळ्यात मोठी जमा आहे, क्लासमधून थेट आलेल्यांकडे ती नसते. दिवसभर उन्हात उभं राहणं नक्की कमी होईल, पण महिनाअखेरीला रिपोर्टच्या वेळी रात्री उशीर होतो हे धरून चाला. मुली या कामात आहेत आणि उत्तम करतायत. तुमची काळजी मी समजू शकतो, म्हणून ऑफर येईल तेव्हा राहायची सोय, साईटवर बायकांसाठी टॉयलेट, रात्री परत यायला गाडी, हे तिघंही बसून आधी स्पष्ट विचारा, त्यात संकोच करायचा नाही.

३५ हजारांऐवजी तिला पुढचे दोन महिने द्या. महाटेंडर्सच्या पोर्टलवरून आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या पुलाच्या कामाची कागदपत्रं डाउनलोड करायची, वरचा मॉडेल करार शेजारी ठेवायचा, आणि एकाच पुलाच्या दोन फाईल करायच्या, एक आयटम रेट, एक ईपीसी. प्रायमाव्हेराचं लायसन नसेल तर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे, सरावाला पुरतं. दोन्हीचा क्रिटिकल पाथ (ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते ती) वेगळा का आला ते एका पानावर मराठीत लिहायचं, इंग्रजीत नंतर करता येतं. त्या फाईली मला पाठवा, मी बघून कुठं काय चुकलं ते कळवतो. कोर्सचं नोकरी लागल्यावर बघू, तिथं कुठलं सॉफ्टवेअर चालतं ते कळलं की.