‘पोलीस ॲक्शन’मध्ये पोलीस कुठे होते?

प्रश्न असा आहे: ‘मराठवाड्यातल्या आमच्या गावाच्या स्मरणिकेसाठी लिहितो आहे. आजोबांच्या पिढीतले सगळे १९४८ सालाला “पोलीस ॲक्शन” म्हणत. पण निजामाच्या राज्यात शिरलं ते लष्कर, तेही रणगाड्यांसह. मग “पोलीस” आले कुठून? आणि आज लिहिताना “पोलीस कारवाई” लिहावं, “पोलीस कार्यवाही” लिहावं, की सरळ “मुक्तिसंग्राम” लिहून मोकळं व्हावं?’

सोपं आधी उरकतो. ‘कार्यवाही’ नको. ती अर्जावरची, ठरावावरची, ‘पुढील कार्यवाहीसाठी सादर’ या शेऱ्यातली. कुणावर बडगा उगारला जातो तेव्हा ती ‘कारवाई’, उर्दूतल्या ‘कार्रवाई’ची आपली आवृत्ती. वर्तमानपत्रांत या दोघी रोज एकमेकींच्या खुर्चीत बसलेल्या दिसतात, त्याला इलाज नाही.

आता पोलिसांकडे वळू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालचं चिलखती दल सोलापूरकडून नळदुर्गावर गेलं आणि बोरी नदीवरचा पूल त्याच दिवशी ताब्यात आला. पूर्वेकडून, विजयवाड्याच्या बाजूने दुसरी मोठी फौज शिरली. वरून विमानं होती. लष्कराच्या कागदांत या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पोलो’. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. या सगळ्यात पोलीस शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

शब्द आला तो कायद्याच्या गरजेपोटी. युद्ध दोन देशांत होतं. निजामाने जून १९४७ मध्येच फर्मान काढून सांगितलं होतं की इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार झाला, तोही वर्षभरापुरता. पुढच्या ऑगस्टमध्ये हैदराबादने थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. आता अशा वेळी दिल्लीने ‘युद्ध’ म्हटलं असतं तर समोरचा देश आहे हे आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं. पोलीस मात्र आपल्याच हद्दीत जातात, आपल्याच घरातला दंगा मोडायला. तो एक शब्द वापरला की हैदराबाद कुणाचं हा वादाचा मुद्दा वाद सुरू व्हायच्या आतच निकालात निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं दुसऱ्या कलमाचं सातवं उपकलम सांगतं की देशाच्या अंतर्गत बाबींत संघटनेने पडू नये. शब्दाचा रोख त्या उपकलमाकडे होता. सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला हैदराबादवर बोलायला बसली, तोवर फौजा राजधानीच्या दिशेने निघाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात निजामाचीच तार गेली, तक्रार मागे घेतो म्हणून.

दंगा नव्हता असं मात्र कुणी समजू नये. कासीम रझवी हा लातूरचा वकील, त्याच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, सीमेवरच्या गावांत जो हैदोस घातला होता तो अनेक घरांतून आजही सांगितला जातो. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. मोहिमेला कारण होतं. पण कारण असणं वेगळं आणि त्या मोहिमेला काय म्हणायचं हे ठरवणं वेगळं.

मला या शब्दाची खरी गंमत वाटते ती पुढेच आहे. हाच शब्द त्या वेळी डच सरकारही वापरत होतं. इंडोनेशियाने १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, ते डचांना मान्य नव्हतं. २१ जुलै १९४७ ला त्यांनी जावा-सुमात्रावर मोठी फौज घातली आणि त्याला नाव दिलं ‘पोलित्स्योनेले ॲक्सीस’, म्हणजे शब्दशः पोलीस कारवाया. डिसेंबर १९४८ मध्ये दुसरी कारवाई, तीत इंडोनेशियाची तेव्हाची राजधानी योग्यकर्ता घेतली आणि अध्यक्ष सुकार्नोंना अटक. डचांचा बचाव ठरलेला: घरातली बाब आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. हा बचाव झुगारून जुलै १९४७ च्या अखेरीस इंडोनेशियाचा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला कुणी? ऑस्ट्रेलियाने आणि भारताने. म्हणजे १९४७ मध्ये दुसऱ्याच्या ‘पोलीस कारवाई’ला आंतरराष्ट्रीय प्रश्न ठरवणारी दिल्ली १९४८ मध्ये स्वतःच्या कारवाईला घरातली बाब म्हणत होती, आणि जानेवारी १९४९ मध्ये पुन्हा डचांच्या दुसऱ्या कारवाईविरुद्ध नेहरूंनी दिल्लीतच परिषद भरवली. दोन्ही प्रकरणं सारखी होती असं मी म्हणत नाही. चहूबाजूंनी भारताने वेढलेलं, बहुसंख्य प्रजा विलीनीकरणाच्या बाजूची असलेलं संस्थान आणि समुद्रापारची वसाहत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण शब्द तोच आणि उपकलमही तेच.

इंडोनेशियातल्या शाळेत ही ‘पोलीस कारवाई’ कुणाला ठाऊक नसते. तिथे ती ‘अग्रेसी मिलितेर बलांदा’, डचांचं लष्करी आक्रमण, पहिलं आणि दुसरं. नेदरलँड्समध्ये जुना शब्द दशकानुदशकं टिकला आणि त्याच्याबरोबर आपण तिथे बंदोबस्ताला गेलो होतो ही समजूतही टिकली. तिथल्या पंतप्रधानांनी त्या काळातल्या टोकाच्या हिंसेबद्दल माफी मागितली ती २०२२ मध्ये.

अमेरिकेचा किस्सा याहून बोलका. कोरियात सैन्य उतरवण्याच्या सुमारास, २९ जून १९५० ला पत्रकारांपुढे अध्यक्ष ट्रुमन म्हणाले की आपण युद्धात नाही. एका वार्ताहराने विचारलं, मग ही संयुक्त राष्ट्रांच्या वतीने पोलीस कारवाई म्हणायची का? ट्रुमन म्हणाले, हो, तसंच. शब्द वार्ताहराचा, होकार अध्यक्षांचा. युद्ध जाहीर करायचं तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते, कारवाईला ती लागत नाही असं धरून चालता आलं. त्या न-युद्धात ३६ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक गेले. आपली श्रीलंकेतली ‘शांतिसेना’ (१९८७ ते १९९०) याच जातीचं नाव. तीत आपले सुमारे १,२०० जवान कामी आले. आणि रशियात २०२२ पासून ‘विशेष लष्करी मोहीम’ सोडून दुसरं काही म्हटलं तर खटला भरता येईल असा कायदाच आहे.

परत मराठवाड्यात येऊ. सरकारी शब्द लोकांच्या तोंडी गेला की त्यातला वकिली कावा झडून जातो. ‘पोलीस’ कशाला, हे जुन्या माणसांनी कधी विचारलंच नाही, कारण त्यांच्या लेखी ‘ॲक्शन’ ही तारीख होती. ‘ॲक्शनच्या आदल्या साली विहीर खणली’, ‘ही ॲक्शननंतरची’ असं बोलणं होई. शेजारचा ‘रझाकार’ बघा. मूळ अर्थ स्वेच्छेने काम करणारा, म्हणजे चक्क स्वयंसेवक. मराठीत त्याचा अर्थ असा फिरला की ‘काय रझाकारी चालवलीय?’ म्हटल्यावर कुणाला स्वयंसेवा आठवत नाही. ‘मोगलाई’चंही तेच: निजामाच्या मुलखाला पश्चिम महाराष्ट्रातले लोक मोगलाई म्हणत, आणि आता ‘मोगलाई लागून गेली आहे का?’ हे कुणीही कुणालाही विचारतं.

हैदराबादच्या उर्दूत याच आठवड्याला ‘सुकूत-ए-हैदराबाद’ म्हणतात, हैदराबादचा पाडाव. हा शब्द आपल्याकडच्या फारच थोड्या लिखाणात भेटतो. ‘पोलीस ॲक्शन’ आणि ‘मुक्ती’ या दोन्ही शब्दांत न मावणारा भाग त्यात आहे. कारवाईच्या वेळी आणि नंतर झालेल्या मुसलमानांच्या कत्तलींची पाहणी करायला केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या सावध अंदाजानुसार २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. अहवाल कितीतरी दशकं दाबून ठेवलेला होता. ‘पोलीस’ म्हटल्यावर सुव्यवस्था डोळ्यांपुढे येते, नंतरचे ते आठवडे येत नाहीत.

१७ सप्टेंबरच्या नावावरून आजही ओढाताण आहे. आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, केंद्राचा हैदराबाद मुक्ती दिन, तर तेलंगणात २०२२ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय एकता दिन केला आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने प्रजापालन दिन. तिथल्या कम्युनिस्टांना ‘मुक्ती’ मान्य होणं कठीणच, कारण त्यांचा सशस्त्र लढा १९५१ पर्यंत चालूच होता, शेवटी तर भारतीय फौजेशीच.

तेव्हा स्मरणिकेत असं करा. आजोबांचे शब्द देताना ‘पोलीस ॲक्शन’ जसंच्या तसं ठेवा, अवतरणात. त्याचं ‘पोलीस कारवाई’ असं शुद्धीकरण केलंत तर तो त्यांचा शब्द राहणार नाही. तुमच्या स्वतःच्या वाक्यात ‘भारताची लष्करी कारवाई’ लिहा. ‘मुक्तिसंग्राम’ हा त्या पाच दिवसांसाठी वापरू नका. १९३८ चा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थ, तुरुंग भोगलेली माणसं, सरहद्दीवरच्या छावण्या हे सगळं त्या शब्दात येतं, आणि ते रणगाडे यायच्या दहा वर्षं आधी सुरू झालं होतं. राज्य भारतात सामील झालं याबद्दल लिहायचं असेल तिथे ‘विलीनीकरण’. आणि गावात ॲक्शननंतर काय घडलं हे सांगणारं कुणी हयात असेल तर ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, फक्त ‘ॲक्शन’ला पानाखाली टीप जोडा, कारण तुमच्या नातवंडांना तो सिनेमातला शब्द वाटेल.