प्रशिक्षक बदलला की आधी एपीआर बघ
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये नवा प्रशिक्षक आला की तू त्याचे जुने विजय मोजायला बसतोस. माझं ऐक, आधी संघाचा एपीआर बघ, म्हणजे खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीचा गुणांक. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सत्रात दोन गुण मिळू शकतात: एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, दुसरा कॉलेज न सोडल्याचा. मिळालेले गुण भागिले शक्य गुण, गुणिले 1000. चार वर्षांची सरासरी 930 च्या खाली गेली, तर बाउल सामना, म्हणजे हंगामाच्या शेवटी निवडक संघांना मिळणारा सामना, विसरायचा.

आता प्रशिक्षक गेला असं धर. ज्यानं घरी येऊन आईवडिलांना शब्द दिला, तोच नाही म्हटल्यावर पोराचं मन उडतं. डिसेंबरची परीक्षा बुडवून तो निघाला, की दोन्ही गुण जाऊ शकतात. चांगले मार्क घेऊन दुसऱ्या कॉलेजात गेला तर कॉलेज सोडल्याचा गुण कापण्यातून सूट मिळते. म्हणून जाणाऱ्यालाही पेपर द्यायला लावणारा प्रशिक्षक मला फार मोलाचा वाटतो. आयडाहो विद्यापीठानं 2012 मध्ये प्रशिक्षक काढला. 2014 मध्ये एपीआरपायी संघावर बाउलबंदी आली, तेव्हा मैदानावर नवा माणूस होता. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या आकड्यावरून नव्याला झोडपू नकोस, त्यात जुन्याचं ओझं असतं.