रायझन ५ ५६०० पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करायचा आहे, प्रोसेसर जळणार तर नाही ना?

तुमच्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, बी५५० मदरबोर्ड आहे, कूलर डब्यातून आलेलाच आहे आणि व्हिडिओत बघितलं तसं १.४ व्होल्ट देऊन सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, ४.६ गिगाहर्ट्झवर न्यायचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय.

कृपया तसं करू नका. नुसता वेग वाढवला आणि चिपला झेपला नाही, तर मशीन अडकतं किंवा रीस्टार्ट होतं, बस. खरं नुकसान करतं ते व्होल्टेज. विजेचा खप साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२ चं १.४ केलं की वेग तोच ठेवूनही खप सुमारे ३६ टक्क्यांनी चढतो, आणि ती सगळी उष्णता त्या बुटक्या कूलरने बाहेर टाकायची! व्होल्टेज ऑटोवर असतानाही एचडब्ल्यूइन्फो या तापमान-व्होल्टेज दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मधूनच १.४ च्या जवळपासचा आकडा दिसेल, त्याला घाबरू नका. एकदोन कोअरच काम करत असतात, करंट कमी असतो, तेव्हा चिप स्वतःच क्षणभर तेवढं घेते. सहाही कोअर पूर्ण भाराखाली असताना तेच व्होल्टेज कायमचं लावणं धोक्याचं आहे.

आधी आहे त्या स्थितीत सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून स्कोअर देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवून स्कोअर आणि कमाल तापमान लिहून ठेवा. या चिपची मर्यादा ९० अंश आहे. आत्ताच ८५ दिसत असेल तर पहिला खर्च चांगल्या टॉवर कूलरवर करा. खोली जितकी तापते जवळपास तितकंच प्रोसेसरचं तापमानही वाढतं, त्यामुळे डिसेंबरात जमलेलं सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासावं लागतं.

मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारं सेटिंग) चालू आहे का बघा. ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत असल्याचं अनेकदा आढळतं.

त्यानंतर बायोसमधल्या पीबीओमध्ये (एएमडीची वेग वाढवण्याची सोय) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे चिप घेते ते व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी कमी करणारं सेटिंग, उघडा आणि ऑल कोअर्स, निगेटिव्ह, १० असं ठेवा. एका पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. चिप थंड राहते आणि उरलेल्या वावात स्वतःच जास्त वेळ वरच्या वेगाला टिकते. नवशिक्यासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. जमलं तर १५, मग २०. एका वेळी एकच बदल.

चाचणीत बहुतेक जण इथे फसतात: सिनेबेंच व्यवस्थित पार पडतं आणि दोन दिवसांनी ब्राउझर उघडताना मशीन अचानक रीस्टार्ट होतं. कारण हलक्या कामातच एखादा कोअर सर्वात वरच्या वेगाला उडी मारतो आणि कापलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. म्हणून कोअरसायकलर हा चाचणीचा प्रोग्राम रात्रभर चालवा, ते एकेक कोअर वेगळा तपासतं. सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरमधल्या चुकांची) नोंद आहे का बघा. तिच्यातल्या एपीआयसी आयडी या क्रमांकावरून कुठला कोअर अडतोय याचा अंदाज येतो. ऑल कोअर्सऐवजी पर कोअर निवडून त्या एकाच कोअरचं निगेटिव्ह पाचने कमी करा, म्हणजे २० असेल तर १५.

हे सुरू करण्याआधी कामाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या. पीबीओमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. मशीन चालूच झालं नाही तर प्लग काढा, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं.