लव्हेंडर आपल्या वावरात?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमचं चार एकर वावर आहे. दीड एकर नाल्याकाठची काळी जमीन, बाकी बरड. विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरतं. रोही आणि रानडुकरं तूर हाती लागू देत नाहीत. गावात एक एजंट आला होता. लव्हेंडरचं रोप ४० रुपयांना देतो, फुलं आम्हीच घेऊ म्हणतो. काश्मीरकडचे व्हिडिओ दाखवतो. मालक तयार आहेत, माझं मन धजत नाही. काय करावं?
— एक शेतकरी भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, एकही रोप घेऊ नका.

व्हिडिओ खरे असतील. जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहला, मक्याच्या जागी लव्हेंडर आलं आणि लोकांच्या हातात पैसा आला. अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या सरकारी योजनेतून त्यांना रोपंही मिळाली, तेल काढायची सोयही झाली. पण भद्रवाह आहे सुमारे १,६०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फाखाली. लव्हेंडरला ती थंडी लागते आणि पाणी झरझर निघून जाणारी चुनखडीची जमीन लागते. आपला मे ४५ अंशांचा. त्यातून जगलेलं रोप श्रावणातल्या झडीत, नाल्याकाठच्या काळ्या मातीत मुळाशी सडणार. बरडावर निचरा होईल, पण उन्हाचं काय करणार?

एजंटला एकच विचारा : विदर्भात दुसरा उन्हाळा पार केलेला तुमचा लव्हेंडरचा प्लॉट कुठे आहे, मला नेऊन दाखवा. नीट फुलायलाच झाडाला दोन-तीन वर्षं लागतात. एजंटचा पैसा मात्र रोपं विकली त्याच दिवशी सुटतो. फुलं घेण्याची हमी तेव्हा कोणाकडे मागाल?

सुगंधी पीकच घ्यायचं मनात असेल तर आपल्या मातीतलं आहे की! बरडावर, धुऱ्यावर उगवणारी तिखाडी तुम्ही पाहिलीच असेल. पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो. गुडघे दुखले की आजी जे रोशेल तेल चोळायची, ते हिचंच. खानदेश-निमाडातलं हे तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. आजही साबण आणि अत्तरवाल्यांना ते लागतं. दुसरं पीक गवती चहा. दोन्हींना रोही सहसा तोंड लावत नाही. डुकरं मात्र कधी कधी उकरतात, तेव्हा कुंपण काढू नका.

मी आर्वीकडे दोन्ही लावते. गवती चहाचे ठोंब पाऊस धरला की लावायचे. पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, पुढे पाणी असेल तर दर अडीच-तीन महिन्यांनी, आणि एक लावण पाचेक वर्षं चालते. तुमचं पाणी फेब्रुवारीत संपतं, म्हणजे उन्हाळ्यातली कापणी धरू नका. तिखाडी फुलोऱ्यात आली की कापायची. तेल तेव्हाच भरतं.

खरी मेख गवतातून तेल काढायच्या भट्टीची. १०० किलो ताज्या गवती चहातून अर्धा ते पाऊण किलो तेल निघतं, तिखाडीतून त्याहून थोडं कमी. एवढ्या तेलासाठी ट्रॉली भरून गवत ४० किलोमीटर नेलं तर डिझेलच नफा खाऊन टाकतं. म्हणून आधी भट्टी शोधा, मग ठोंब. जवळ नसेल तर गटातल्या चार-पाच जणी मिळून लावा आणि भट्टी सामाईक घ्या, स्टेनलेस स्टीलचीच. लोखंडी टाकीत तेलाचा रंग बिघडतो आणि व्यापारी तिथेच भाव पाडतो. कापलेलं गवत एक दिवस सावलीत सुकू द्या, टाकीत जास्त मावतं. तेल पाण्यावर तरंगून आलं की हळूच वेगळं काढा, पाण्याचा थेंब राहू देऊ नका, आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात तोंडापर्यंत भरून अंधारात ठेवा.

विकताना व्यापारी गवती चहात सिट्राल किती आणि तिखाडीत जिरॅनिऑल किती, म्हणजे तेलाला वास देणारा मुख्य घटक किती, हेच विचारतो. म्हणून पहिल्याच खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. कागद हातात असला की भाव तुम्ही बोलता.

यंदा दहा-बारा गुंठ्यांपुरतंच करा, बरडावर. काळ्या तुकड्यात पराटी-तूर राहू द्या. मालकांना हे उत्तर वाचून दाखवा, आणि जवळची भट्टी किती किलोमीटरवर सापडली ते मला कळवा.