वर्डची फाईल त्याच नावावर सेव्ह झाली, जुनी परत मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या दोन वर्षं खपून वर्डमध्ये उतरवल्या होत्या. परवा रात्री त्याच फाईलमधलं सगळं सिलेक्ट होऊन पुसलं गेलं, त्यावर शाळेची नोटीस टाईप झाली आणि सवयीने सेव्हही झाली. रिसायकल बिनमध्ये काही नाही. एक दुकानदार म्हणतो मिळणार नाही, दुसरा पाच हजार मागतो. कुणाचं ऐकायचं?

ताई, हे मोबाईलवर वाचत असाल तर ठीक. त्याच लॅपटॉपवर वाचत असाल तर आधी तो बंद करा. अपवाद एकच. ती वर्डची खिडकी परवापासून उघडीच असेल, नुसतं झाकण मिटून ठेवलं असेल, तर कंट्रोल झेड दाबत राहा. सेव्ह केलं म्हणजे मागे जाता येत नाही असा पुष्कळांचा समज आहे. पण फाईल बंद केलेली नसेल तोवर वर्ड सेव्हच्याही मागे जातं. गेल्या पावसाळ्यात एका पतसंस्थेच्या अहवालाची पंचवीस पानं मी अशी दोन मिनिटांत काढून दिली. पैसे मागायची लाज वाटली, म्हणून चहा घेतला.

खिडकी बंद झाली असेल तर पुढचं वाचा. बेळगावातल्या शहापुरात माझं डीटीपीचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, आणि "सर, फाईल गेली की हो" म्हणत येणारी माणसं, यावर ते चालतं.

दोन्ही दुकानदार खरं बोलत असतील, हे आधी सांगतो. आपल्याकडे जमिनीची पहाणी, म्हणजे सातबारासारखा उतारा, असते ना, तसं समजा. फाईल डिलीट झाली म्हणजे पहाणीवरचं नाव कमी झालं. शेतात ऊस उभाच असतो. कागदावर जागा रिकामी दिसते म्हणून विंडोज उद्या तिथे दुसरं पीक घेईल, पण घेईपर्यंत जुना ऊस कापून आणता येतो. म्हणून लॅपटॉप बंद करा म्हटलं. ब्राउझर उघडला, व्हिडिओ लावला, अपडेट सुरू झालं, की नांगर फिरलाच. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हा हिशोब लागू पडतो. एसएसडीचं, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कचं, वेगळं. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, त्यात ट्रिम नावाची सोय चालते: नाव कमी होताच विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता नको, आणि एसएसडी ती सवडीने साफ करते. साफ व्हायच्या आधीही कुणी वाचायला गेलं तर बहुतेक एसएसडी नुसती शून्यं दाखवतात. तुमच्या लॅपटॉपात एसएसडी असेल तर "मिळणार नाही" म्हणणारा माणूस प्रामाणिक आहे.

तुम्ही डिलीट केलं नाही, त्याच फाईलवर सेव्ह केलं, हा तुमचा दुसरा घोर. इथे वर्डची एक सवय कामाला येते. वर्ड जुन्या फाईलच्या अंगावर लिहीत नाही. नवा मजकूर आधी एका तात्पुरत्या फाईलमध्ये लिहितं, मग जुनी फाईल काढून टाकतं आणि नवीला तिचं नाव देतं. म्हणजे तुमच्या ओव्यांवर नोटीस छापली गेलेली नाही. ओव्या शेजारच्या खोलीत, नाव नसलेल्या पडून असतील. नोटपॅडमध्ये असतं तर आशा बरीच कमी होती. जिथे खरोखरच दुसरं काही लिहिलं गेलं ती जागा संपली, तिथून आजच्या डिस्कवर कुणी काही काढून देत नाही. कुणी देतो म्हणाला तर त्याच्या दुकानाची पायरी उतरा.

पण मी सॉफ्टवेअरकडे शेवटी जातो. गेलेली फाईल शोधण्याआधी तिची भावंडं शोधायची. दुकानात जेवढ्या फायली परत मिळाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्क खरवडून मिळालेल्या नाहीत, दुसरीकडे पडलेल्या सापडल्या.

पहिलं भावंड वनड्राईव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटात, असतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा परस्पर वनड्राईव्हमध्ये जातात, मालकाला पत्ता नसतो. मोबाईलवरून वनड्राईव्हच्या साईटवर त्याच खात्याने जा, फाईल दिसली तर तिची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे जुन्या आवृत्त्यांची यादी, उघडा. तिथे परवा दुपारची फाईल तारखेसकट बसलेली असेल. गूगल ड्राईव्हवरही वर्डच्या फायलीच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात.

दुसरं भावंड झेरॉक्सवाल्याकडे, आणि यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. आपल्याकडे घरी प्रिंटर कुणाकडे असतो? तुम्ही कधीतरी त्या ओव्यांची प्रिंट काढली असणार, निदान आजीला दाखवायला. झेरॉक्स सेंटरवर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवली असेल किंवा पेन ड्राईव्हवरून उघडली असेल. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून आलेली प्रत्येक फाईल त्या कॉम्प्युटरच्या डाऊनलोड्समध्ये साठत जाते आणि कुणी ती साफ करत नाही. मी स्वतःच करत नाही. माझ्या दुकानातल्या मशीनवर आत्ता अर्ध्या शहापूरचे बायोडाटा आहेत. हे बरं नव्हे, मान्य आहे, पण एमएच्या एका मुलीचा प्रबंध त्याच कचऱ्यात सापडला होता. जाऊन विचारा. आणि फोनवरून पाठवली असेल तर तुमच्याच फोनच्या व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्समध्ये सेंट नावाचा फोल्डर असतो, तोही बघा.

शोधताना नाव एकाच तऱ्हेने टाकू नका. एका गिऱ्हाईकाचं जुनं लेटरहेड "गेलं" होतं. दोन तास त्याने 'बेळगावी' असं इंग्रजी अक्षरांत टाकून शोधलं. फाईल होती २०१२ची. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ला बदललं, त्याआधी सगळ्या फायलींना 'बेलगाम' असायचं. तसं टाकल्यावर पाच सेकंदांत पाच फायली समोर.

एक फसवं भावंडही असतं. फोल्डरमध्ये नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह सुरुवातीला असलेली, तुमच्याच फाईलच्या नावाची एक लपलेली फाईल दिसली की लोकांच्या जिवात जीव येतो. ती जेमतेम १६२ बाईटची असते. ही फाईल कुणी उघडली आहे त्याचं नाव तिच्यात असतं, बाकी काही नाही. तिच्यावर वेळ घालवू नका. डॉट एएसडी शेपटीच्या फायली मात्र खऱ्या. वर्ड दर दहा मिनिटांनी त्या लिहितं, पण फाईल नीट सेव्ह करून बंद केली की पुसूनही टाकतं. म्हणजे मधेच करंट गेला अशांना त्यांचा उपयोग, तुम्हाला बहुधा नाही. डॉट डब्ल्यूबीके असेल तर हात जोडा, ती आधीच्या सेव्हची पूर्ण प्रत असते. पण बॅकअप कॉपीचा तो पर्याय वर्डच्या सेटिंगमध्ये तुम्ही स्वतः चालू केलेला असला पाहिजे, आणि तो कुणी करत नाही.

भावंडांवरून वडगावचा एक विणकर आठवतो. साडीच्या काठाचं डिझाईन ज्या कॉम्प्युटरवर होतं त्याची हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली. असा आवाज आला की काहीही करून बघायचं नसतं, मशीन बंद करून थेट डिस्क उघडणाऱ्या लॅबकडे द्यायची. तो खर्च त्याला परवडणारा नव्हता. मी चेहरा पाडून सांगितलं तर तो म्हणाला, "फाईल गेली म्हणून काय झालं सर, माग चालूलालाय की!" त्याचं जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, जुन्या पद्धतीचं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारं. एक पुठ्ठा म्हणजे आडव्याचा एक धागा, भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो. आम्ही माळ उतरवून तिथेच चटईवर पसरली. चारशेच्या आसपास पुठ्ठे होते. त्याची मुलगी एकेक पुठ्ठा उजेडाकडे धरायची, मी फोटो काढायचो. मग रोज रात्री भोक तिथे काळा चौकोन, भोक नाही तिथे पांढरा, असं भरत गेलो. अकराव्या रात्री स्क्रीनवर काठातली कोयरी दिसायला लागली. दोन पुठ्ठ्यांची भोकं फाटून एक झाली होती, ती त्याने नुसती बघून सांगितली.

तुमच्याही बाबतीत हेच विचारतो. ओव्या लिहून घेताना फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं का? वहीत कच्चं लिहिलं होतं का?

हे सगळं फसलं, आणि डिस्क फिरती असली, तरच सॉफ्टवेअर. नियम एकच: ज्या डिस्कवरून काढायचं तिच्यावर काहीही लिहायचं नाही. सॉफ्टवेअर तिथे बसवायचं नाही, सापडलेल्या फायलीही तिथे ठेवायच्या नाहीत. हा नियम मी गिऱ्हाईकाच्या पैशाने शिकलो. दुकान नवीन होतं. लग्नाच्या फोटोंचं कार्ड चुकून फॉरमॅट होऊन आलं, मी फोटो काढले आणि घाईत त्याच कार्डावर सेव्ह करत गेलो. पहिले साठेक फोटो आले, आणि त्यांनीच पुढचे खाल्ले. अक्षता पडतानाचा एकही राहिला नाही. त्या घरातली माणसं बाजारात दिसली तर आजही मी गल्ली बदलतो.

म्हणून लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. हे घरी करू नका, दुकानातून करून घ्या. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, जाताना काढून न्या. मग रिकुव्हा नावाचं फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवायचं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाईल रिकव्हरीही २०२० पासून फुकट मिळतं, फक्त त्यात कमांड टाईप कराव्या लागतात. यांत काही आलं नाही तर फोटोरेक. नावावर जाऊ नका, ते फोटोच नव्हे तर वर्डच्या फायलीही काढतं, आणि तेही फुकट आहे. ते पहाणी बघतच नाही, थेट शेतात उतरून प्रत्येक फाईलची सुरुवातीची खूण ओळखतं. त्यामुळे फाईल मिळते पण नाव जातं. समोर हजारो फायली येतात, सगळ्यांची नावं नुसते आकडे.

आणि इथे आपल्या लोकांची एक खास फजिती होते. ओव्या युनिकोडमध्ये टाईप केल्या असतील तर त्या ढिगात 'जात्या' असा शब्द टाकून फाईल सापडू शकते. पण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर फाईलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचा वेश देतो. तुम्ही मराठीत शोधता, काही सापडत नाही. किंवा फाईल उघडते, सगळीकडे कंस, डॉलर, प्रश्नचिन्हं, आणि माणूस "करप्ट झाली" म्हणून ती टाकून देतो. माझ्याकडे मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी, दोन्ही असतात. करप्ट म्हणून आलेली फाईल मी आधी त्या दोन्ही फॉन्टमध्ये बघतो, आणि पुष्कळदा काम तिथेच संपतं. दुकानात देताना फॉन्टचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या.

पाच हजारांबद्दल: "फाईल उघडून दाखवा, मग पैसे" असं ठरवा आणि आगाऊ फक्त तपासणीचे द्या. नुसती नावांची यादी दाखवून पैसे घेणारे असतात. यादीत नाव दिसतं, फाईल आतून रिकामी असते.

झेरॉक्सवाल्याकडे आजच जा, तो कधी लहर येऊन डाऊनलोड्स साफ करेल याचा नेम नाही. लॅपटॉप चालू न करता त्याच्या खालच्या स्टिकरवरचं कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर इथेच कळवा, आत कोणती डिस्क असावी ते बघून सांगतो. ओव्या कोणत्या फॉन्टमध्ये टाईप केल्या तेही लिहा.